बिननेमणुकीचा दवंडीवाला

फॅरिबो, मिनेसोटा
सोमवार, २३ ऑगस्ट १९९३

चि. आर्डिस हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मिस एंगेब्रेट्सनबाईंची पितळी घंटा आज पहाटे मला पुन्हा ऐकू आली. आधी एक दबका ठोका, जणू ती घसा खाकरतेय, आणि मग खणखण. शाळेच्या पायरीवरून निघालेला तो आवाज ओटच्या शेतावरून वाहत आपल्या गोठ्यापर्यंत यायचा, आणि तू हातातली भाकर तोंडात कोंबून धावत सुटायचीस. दर शुक्रवारी जो कविता न चुकता म्हणेल त्याला ती घंटा वाजवायला मिळे. आठ वर्षांत मला एकदाही मिळाली नाही. नदीवरच्या नावाड्याची ती कविता. तीन कडवी मी अशी म्हणायचो की बाईंचे डोळे भरून यायचे, आणि चौथं कडवं आलं की खिडकीबाहेर ढग दिसायचे आणि संपलं. घंटा तुझी.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर तू हे पत्र निम्म्यावर ठेवून देशील. मी नोकरीला लागलो आहे. म्हणजे, लागलो आहे असं तिथल्या सर्वांना वाटतं.

तुझी मॅव्हिसवहिनी आणि मी दर वर्षी ऑगस्टातल्या पहिल्या शनिवारी त्या थॉर्नबीच्या जत्रेला जायचो, हे तुला ठाऊकच आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं खोटं-खोटं उभारलेलं गाव, तिथली सोंगाची राणी, घोड्यावरचे सरदार, टर्कीच्या तंगड्या. तुला ते सगळं पोरकट वाटायचं. ती मार्चमध्ये गेली, तरी यंदाही त्या शनिवारी माझे पाय आपोआप तिकडेच वळले. तिनं बैठकीच्या जुन्या पडद्यांतून शिवलेला तो तांबडा झगा मी घातला. झोप नव्हतीच, म्हणून फार लवकर पोचलो आणि चुकून मागच्या फाटकाशी गाडी लावली. तिथल्या भालदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दरडावलं की, "महाराज, सूर्य कासराभर वर आला, आपण अद्याप बाहेर?" मला वाटलं, यंदा पाहुण्यांना मागूनच आत घेतात. गेलो आत.

तिथे एक बाई यादी घेऊन उभी होती, ट्वायला तिचं नाव. तिच्या यादीत मी नव्हतो. पण कुंपणाच्या आत कोणीही चालू शतकाचं नाव काढायचं नाही, असा तिथला सक्त नियम आहे. नोकरीचा कागद, अर्ज, सही हे शब्द उच्चारायचे नाहीत. त्यामुळे तिला मला धड विचारता येईना आणि मला धड सांगता येईना. आपण कोण, कोठील, असं तिनं विचारलं. मी घाबरून म्हणालो की पलीकडच्या गावचा दवंडीवाला. तिनं कपाळाला हात लावला, कचेरीतल्या लोकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या (ओठ हलताना मी पाहिले) आणि यादीच्या तळाला पेन्सिलीनं मला लिहून टाकलं. त्यांचा आधीचा दवंडीवाला टेक्ससला पळाला होता म्हणे.

दोन आठवडे झाले. शनिवार-रविवार सकाळी नऊला मी फाटकावरच्या सज्ज्यात उभा राहतो आणि ओरडतो:

ऐका हो ऐका, थॉर्नबीचे लोक,
उघडतं दार, आवरा आता शोक!
तंगडी आहे गरम, लोणचं आहे गार,
राणीसरकार आल्या, करा नमस्कार!

कविता माझीच. चौथी ओळ अजून एकदाही विसरलो नाही. मग गस नावाचा तोफवाला तोफ डागतो आणि दार उघडतं. दवंडीशिवाय तोफ नाही, तोफेशिवाय दार नाही, असा रिवाज आहे. पस्तीस वर्षं मी लोकांच्या बातम्या बंद पाकिटांतून वाहिल्या, आता उघड्यावर ओरडतोय.

फक्त घंटा नाही. एका तव्यावर लाकडी डाव आपटतो, त्यात काही राम नाही. तुझ्या दाराला अडसर म्हणून पडलेली मिस एंगेब्रेट्सनबाईंची घंटा पाठवशील का?

तुझ्या माडीवरच्या खोलीत राहायला यायचं माझ्या लक्षात आहे. सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत येईन म्हणालो होतो, तेही लक्षात आहे. जरा लांबेल.

माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.
तुझा नॉर्व्हलदादा


डुलुथ
शनिवार, २८ ऑगस्ट

ती. नॉर्व्हलदादास आर्डिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं, तेव्हा कळलं की तू विनातिकीट घुसलेला माणूस आहेस आणि वर तवा-डाव बडवतोयस. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला याला नोकरी म्हणतात असं कोणी सांगितलं? उद्या एखाद्या सरदाराच्या घोड्यानं लाथ घातली तर त्या घोड्याला काय सांगणार, की मी पेन्सिलीनं लिहिलेला आहे?

माडीवरच्या खोलीला मी पिवळा रंग दिला. स्वतः, शिडीवर चढून. क्लिफर्ड वारला आणि मी विधवा झाले तेव्हापासून सात वर्षं त्या खोलीत फक्त शिवणयंत्र आणि ख्रिसमसची खोकी होती. ती सगळी उतरवली. खिडकीतून सरोवरावरची जहाजं दिसतात, तुला बघत बसायला बरं. टेबलावर मी दोन ताटल्या मांडते, सवय व्हावी म्हणून. दुसरीत काही वाढत नाही, काळजी नको.

त्या घंटेचं म्हणशील तर ती मी जिंकलेली आहे. शाळा बंद झाली तेव्हा बाईंनी ती माझ्या हातात ठेवली, कारण मला चौथं कडवं येत होतं. नको असताना ढगांकडे पाहणाऱ्यांना घंटा मिळत नसते. हवी असेल तर इथे येऊन घेऊन जा. शिवाय ती काढली तर माझं दार वाऱ्यानं दिवसभर आपटेल.

रक्तदाबाची गोळी त्या झग्याच्या खिशात ठेवतोस ना? की त्या शतकात गोळी चालत नाही?

रागावले आहे, तरी जीव लावते, हे विसरू नकोस.
तुझी आर्डिस


फॅरिबो
मंगळवार, ७ सप्टेंबर

चि. आर्डिस हिस आशीर्वाद. वि. वि.

कामगार दिन काल उलटला, मी आलो नाही. रागावण्याआधी ऐकून घे, कारण प्रकरण वाढलं आहे. मी नगराध्यक्ष झालो.

खऱ्या नगराध्यक्षाची पाठ लचकली. तो आठवडाभर ओव्हातोन्याच्या हायस्कुलात गणित शिकवतो, तिथेच फळ्याशी वाकताना लचकली. त्याची सोनेरी साखळी कोणाच्या तरी गळ्यात जायला हवी होती. झगा फक्त माझाच होता तसा. राणीनं भर चौकात ती माझ्या गळ्यात घातली. ही राणी मॅनकेटोला दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, नाव डार्लीन. साखळी घालताना तिनं हळूच माझ्या कवळीचं कौतुक केलं. शतक मोडलं, पण कानात मोडलं, म्हणून क्षमा.

तेव्हापासून सगळे गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे येतात. संडासांपाशी पाणी साचतं. लोणच्याची गाडी तंगडीच्या दुकानासमोर उभी राहते. काल हिरव्या झेंड्याचा सरदार आला. तो नऊ वर्षं दर खेळात हरतो, कारण तसं ठरलेलं आहे, आणि त्याच्या सासूनं यंदा येऊन पाहिलं. मी निवाडा दिला की रविवारी त्यानं जिंकावं. आता तांबडा सरदार आठवडाभर पडण्याचा सराव करतोय आणि मला गवताच्या गंजीआडून शिव्या घालतोय.

पाहुणा म्हणून वीस वर्षं गेलो, तेव्हा मला वाटायचं की ते गाव खरंच आहे आणि आपण निघालो की तिथे संध्याकाळ होते, दिवे लागतात. आता पाठीमागून पाहतो. पडद्याआड राणी चीज सँडविच खाते. बासरीवाल्याचा एकच विनोद दिवसातून नऊ वेळा ऐकतो आणि नवव्या वेळी हसू येतं, ते का, देव जाणे. मोज्यांत गवत जातं ते मंगळवारपर्यंत निघत नाही. तरी पटतं, अधिकच पटतं, कारण आता ते माझ्या ओरडण्यानं उघडतं.

एक अडचण आहे. कचेरीतले व्यवस्थापक मिस्टर क्विग्ली. तिथे साधा शर्ट आणि टाय घालणारा एवढा एकच माणूस. शेवटच्या आठवड्यांत सगळ्यांचे कागद तपासणार म्हणे. मला हाकललं तर पुन्हा पाहुणा व्हावं लागेल. आणि पाहुणा म्हणून तिथे कसा जाऊ, आर्डिस? ते मला जमणार नाही. हंगामाची शेवटची तोफ तीन ऑक्टोबरला आहे. तेवढं निभू दे.

गोळी खिशातच असते.

हा वेडेपणा सोसून घे आणि माया कमी करू नकोस.
नॉर्व्हलदादा


डुलुथ
मंगळवार, १४ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

रविवारचं निम्मं तू पाहिलंस. उरलेलं मी लिहिते, कारण तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही.

पहाटे चारला निघाले, तिकीट काढलं, रेनकोट आणि डोक्याला प्लास्टिकची टोपी घालून फाटकावर गेले आणि भालदाराला सरळ सांगितलं की तुमचा नगराध्यक्ष हा माझा भाऊ नॉर्व्हल ब्रेके, तो तुमच्या नोकरीत नाही, टपालखात्यातून निवृत्त झालेला आहे आणि त्याला डुलुथला न्यायला मी आले आहे. भोवतीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले की मी खरं बोलतेय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं माझा रेनकोट चिमटीत धरून बघितला आणि नवऱ्याला म्हणाली की बघ, हे लोक किती बारीक विचार करतात.

पुढचं तू जाणतोस. दोन भालेकऱ्यांनी मला विहिरीपाशी नेलं. आणि माझ्या गुन्ह्याची दवंडी तूच दिलीस: "या बाईने नगराध्यक्षांवर परक्या शतकातून आल्याचा आळ घेतला आहे हो!" माझ्याकडे न बघता, पण दिलीस. मला शिक्षा काय, तर तुला तीन ओले स्पंज मारायचे. पहिले दोन चुकले. तिसरा नेमका मारला, तो मुद्दाम मारला, कबूल करते.

तुला ठाऊक नाही ते आता. तिथून मी तरातरा कचेरीच्या ट्रेलरमध्ये गेले आणि त्या क्विग्लीला सगळं सांगितलं. तुझी नेमणूक नाही, अर्ज नाही, सही नाही. तो शांत माणूस आहे. त्यानं वहीत टिपून घेतलं, तुझा पत्ता विचारला. तो मी दिला नाही, म्हणाले, काय असेल ते मला कळवा, आणि माझा दिला. मोठी शूर झाल्यासारखं वाटलं.

मग पाय दुखले म्हणून मेणबत्तीवाल्याच्या दुकानासमोर एक बाक आहे, त्यावर बसले आणि बूट काढले. तू तवा बडवत आलास. मी मान फिरवली, तुला दिसू नये म्हणून. बाकाच्या अलीकडे दहा पावलांवर तवा थांबला. तू गप्प चालत बाकासमोरून गेलास, टोपीला हात लावलास, आणि दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा सुरू. मला वाटलं, मला ओळखलंस आणि रागानं गप्प झालास. पण पुढच्या फेरीलाही तसंच. आणि त्याच्या पुढच्या. चौथ्या फेरीनंतर मेणबत्तीवाल्यानं आपण होऊन मला सांगितलं की हे नगराध्यक्ष सीझनभर असेच जातात, इथे एक बाई दर वर्षी बूट काढून लोणचं खायची म्हणे, आम्ही विचारत नाही, इथे विचारायची पद्धत नाही.

दादा, मी बूट हातात घेऊन त्या कचेरीकडे पळाले. कुलूप होतं.

घंटा वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे. आतल्या लोलकाला मोजा बांधलाय, तो सोडून घे.

माझ्यावर माया ठेव असं या वेळी मी मागत नाही. तू ठरव.
आर्डिस


फॅरिबो
सोमवार, २० सप्टेंबर

चि. आर्डिस हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

घंटा शुक्रवारी मिळाली. मोजा क्लिफर्डचा होता, ओळखला.

आधी हे वाच: मी रागावलेलो नाही. स्पंज मात्र फार नेमका होता, डावा कान अजून भिजल्यासारखा वाटतो.

शनिवारी सकाळी मी घंटा झग्याखाली लपवून नेली, आणि मागच्या फाटकातच क्विग्ली भेटले. भला माणूस. मला ट्रेलरमध्ये बसवून कॉफी दिली. म्हणाले की बिनकागदाच्या माणसाला घोड्यानं लाथ मारली तर त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल. तुझाच घोडा, आर्डिस. मी साखळी काढून टेबलावर ठेवली. घंटा वाजवलीच नाही. जाताना ते म्हणाले, इतरांसारखं तिकीट काढून या, केव्हाही या. हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं.

शनिवारी त्यांनी ट्वायलाला दवंडी द्यायला उभं केलं, असं नंतर कळलं. तिचा आवाज बसला.

रविवारी मी तिकीट काढलं. साधी पँट, निळं विंडचीटर, घंटा कापडी पिशवीत. का नेली, सांगता येत नाही. रांगेत उभा राहिलो. नऊ वाजले, दार उघडेना. सव्वानऊ. साडेनऊ. माझ्या मागे रांग पार मक्याच्या शेतापर्यंत गेली. पुढचा माणूस कुरकुरला की दरवर्षी किंमत वाढवतात आणि वेळेवर उघडत नाहीत. मीही कुरकुरलो. म्हणालो की यांच्यात शिस्तच नाही. पाच-दहा मिनिटं मी त्यांना चांगलाच झोडपत होतो, आणि मग ध्यानात आलं की वरचा सज्जा रिकामा आहे, गस पेटता काकडा धरून सज्ज्याकडे बघत उभा आहे, आणि दवंडी झाल्याशिवाय तो तोफ डागणार नाही. ही सगळी रांग माझ्यासाठी खोळंबली होती आणि मी त्याच रांगेत उभा राहून तक्रार करत होतो.

मी पिशवीतून घंटा काढली आणि वाजवली.

आधी तो दबका ठोका. मग ती मोकळी झाली. आर्डिस, पासष्ट वर्षांनी. लोक माझ्याकडे बघायला लागले, आता काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि दवंडी डोक्यातून साफ गेली. तोंडातून आली ती नावाड्याची कविता. तीन कडवी झाली. चौथ्याला मी वर पाहिलं, ढग होते. तेवढ्यात तोफ झाली म्हणून वाचलो.

दार उघडलं. गेले पाच आठवडे मला रोज मुजरा करणारा तो भालदार, त्यानं माझं तिकीट फाडलं आणि सांगितलं की, "आजोबा, शौचकूप डाव्या हाताला." झग्याशिवाय मी कोणीच नव्हतो. एकालाही संशय आला नाही.

मी सरळ त्या बाकावर जाऊन बसलो. लोणचं घेतलं, बूट काढले. दिवसाला वीस फेऱ्या मारायचो मी त्या बाकावरून, तरी एकदाही बसलो नव्हतो. काम करणाऱ्याला बसता येत नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी कामाला लागलो होतो. रविवारी पाहुणा होतो, तेव्हा बसावं लागलं. संध्याकाळपर्यंत बसलो. तिची बाजू मोकळी ठेवली. जमलं.

आता हट्ट नाही. येत्या रविवारी गाडी भरून निघतो. दुसऱ्या ताटलीत वाढायला हरकत नाही. फक्त शेवटची तोफ ऐकायची राहिली, त्याची हुरहुर आहे. ती तुला नाही तर कोणाला सांगू?

जशी आहेस तशीच रागीट आणि मायाळू राहा.
तुझा नॉर्व्हलदादा

ता. क. घंटा परत आणतोय. तुझं दार आपटत असेल.


डुलुथ
गुरुवार, २३ सप्टेंबर

ती. नॉर्व्हलदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं आणि मी लगेच लिहायला बसले, म्हणजे शनिवारच्या आत तुला मिळेल. रविवारी येऊ नकोस.

हे मी लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही. पिवळी खोली कुठे जात नाही. अजून दोन शनिवार आहेत. मी काल क्विग्लीला पत्र लिहून माझं सगळं बोलणं मागे घेतलं, पण माझ्या पत्राला तिथे कोण विचारतो? मी तिथे स्पंजवाली बाई. त्यांनी तुला झगा घालून आत घेतलं असतं तर मी स्वतः सौदा केला असता की शेवटच्या तोफेपर्यंत तुमचा, आणि तोफेचा धूर विरला की माझा. त्यात कोणाचंही नुकसान नव्हतं.

चौथं कडवं तुला लिहून पाठवणार होते. मग वाटलं, नको. ते तुला आठवलं तर पुढे काय विसरशील?

दार खरंच आपटतंय. घंटेच्या जागी तांदळाची पाच पौंडांची पिशवी ठेवली आहे, पण तिला ते काही जमत नाही. आत्ताही आपटलं. पुन्हा. हा वारा नाही, दादा, कोणीतरी ठोठावतंय. थांब, बघून येते.

उभ्यानंच लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस. माझ्या पायरीवर इंग्लंडची राणी उभी आहे. मुकुट, गळ्याभोवती ती चुण्यांची मोठी झालर, आणि घेर एवढा की दारातून तिरकी झाल्याशिवाय आत येणार नाही. रस्त्यावर तिची फुटक्या दिव्याची गाडी चालूच आहे, आत काळवंडलेल्या हातांचा एक माणूस बसलाय, तो तुझा गस असावा. समोरच्या मिसेस सॅरिनेन नळी हातात धरून फुलझाडांऐवजी स्वतःच्या बुटांना पाणी घालतायत.

राणीच्या हातात क्विग्लीनं दिलेला नोकरीचा अर्ज आहे, तुझ्या सहीची जागा रिकामी. तुझा पत्ता थॉर्नबीत कोणालाच ठाऊक नाही, आडनाव धड ठाऊक नाही, वहीत होता तो एक माझाच पत्ता. तीन तास गाडी चालवून आली. मी विचारलं की या शतकात बोलाल का, तर म्हणाली, कामावर असताना नाही. आणि मग रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाईसाहेब, आमचे नगराध्यक्ष कोठे दडविले आहेत आपण?"

पत्ता देणार आहे, दादा. पण आधी ती आत येऊन बसेल, सफरचंदाच्या केकची एक फोड खाईल, आणि माझी अट ऐकेल.